शामाचे डोहाळे

बेलगासमने त्या दुपारी पाठ फिरवली ती निव्वळ सभ्यपणापायी. शेजारी सासरे बसलेले, हातात चहाचा पेला, आणि पाठीमागे जे काही व्हायचं होतं ते जावयाने सासऱ्यांदेखत बघण्यासारखं नव्हतं. पेला रिकामा होईपर्यंत तोंड वाळूच्या टेकाडांकडे करून बसायचं, एवढाच काय तो निर्णय. पण एवढ्याशा पाठ फिरवण्याने पुढे घरात, कचेरीत आणि कॅफेत जो गोंधळ घातला, तो निस्तरता निस्तरता त्याच्या नाकी नऊ आले.

त्याचं असं झालं. ट्युनिशियाच्या दक्षिणेला, खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथल्या एका गावात बेलगासम नगरपालिकेत जन्मनोंदणीचा कारकून आहे. गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराला कागदोपत्री या जगात आणायचं काम त्याचं. मात्र प्रत्यक्ष जन्म म्हणून त्याने कधी पाहिलेला नाही. त्याच्या स्वतःच्या दोन मुली झाल्या तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे बायकांनी त्याला घराबाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा तो तिजानीच्या कॅफेत पत्ते खेळत बसला. (दुसऱ्या वेळी तर तो डाव जिंकत होता, त्यामुळे निरोप आल्यावरही उठायला जरा वेळच लागला.) आता दोघी मुली लग्न होऊन स्फाक्सला सुखात आहेत, पण त्याची बायको मबरूका ते पत्ते अजून विसरलेली नाही.

मबरूकाचे वडील हाज दाऊ त्यांच्याच घरी, अंगणापलीकडच्या खोलीत राहतात. त्या भागातले नावाजलेले शिकारी. सगळं आयुष्य सलूगींच्या मागे पळण्यात गेलेलं. आता सलूगी म्हणजे लांब तोंडाचा, काडीसारख्या पायांचा, सशाच्या मागे सुटला की दिसेनासा होणारा जीव; त्याला कुत्रा म्हटलेलं तिकडे कुणी खपवून घेत नाही. कुत्रा वेगळा, सलूगी वेगळा. सलूगी घरात गालिच्यावर झोपतो, त्याच्या पायांना मेंदी लावतात, आणि तो विकत नाहीत की विकत घेत नाहीत. तो फक्त द्यायचा असतो. कुत्र्याची जागा भिंतीबाहेर, आणि त्याचं नुसतं नाव काढायचं झालं तरी समोरच्याला आधी ‘माफ करा’ म्हणायचं.

बेलगासमच्या भिंतीबाहेरही अशी एक, माफ करा, कुत्री होती. मातकट रंगाची, शेपटी वर गुंडाळलेली, एक कान उभा आणि एक आडवा. तिचं बारसं कुणी केलेलं नव्हतं. पण जो तो तिच्याविषयी बोलण्याआधी ‘माफ करा’ म्हणायचा, त्यामुळे तिने बिचारीने तेच आपलं नाव समजून घेतलं होतं. गल्लीत कुणाचा कुणाला धक्का लागला आणि त्याने माफी मागितली, की ही शेपटी हलवत हजर.

तर हाज दाऊंचा सय्याद नावाचा म्हातारा सलूगी हिवाळ्याच्या सुरुवातीला गेला, आणि हाजींनी अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून जे निजले ते उठेचनात. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, आणि या वयात इतकं ठणठणीत हृदय मी पाहिलेलं नाही असं सांगून गेले. ठणठणीत हृदयाचा म्हातारा मात्र जेवेना. मबरूका सूपाचा वाडगा भरलेला न्यायची आणि भरलेला परत आणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

शेवटी बेलगासम खोलीत गेला. “बाबा, शामाला घ्या तुम्ही. तुमचीच आहे ती.”

शामा ही हाजींच्या सलूगींच्या वंशातली शेवटची. हात थकले तेव्हा त्यांनीच ती जावयाला दिली होती.

“दिलेलं परत घेऊ?” म्हातारा भिंतीला उद्देशून म्हणाला. “मी काय गोट्या खेळणारं पोर आहे?”

“मग काय करू, बाबा?”

“रीत काय आहे? दिलेल्या मादीच्या पहिल्या विणीतलं पहिलं पिल्लू देणाऱ्याचं. ते आण. मग बघू उठायचं.”

बेलगासमला या म्हाताऱ्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटायची, आणि त्याला कारण होतं. मबरूकाला मागणी घालायला त्या काळी एकाहून एक घोडेस्वार येत होते, आणि त्यांच्यात हा खिशाला पेन लावून, शहरी बुटांत वाळू भरून आला होता. हाजींनी विचारलं होतं, “शिकार येते?” हा म्हणाला, “नाही.” “उंटावर बसतोस?” हा म्हणाला, “चढता येतं. उतरायला कुणीतरी लागतं.” हाजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्यांनी मुलगी देऊन टाकली. वर म्हणाले, खोटं बोलता येत नाही अशा माणसाकडे पोर सुखात राहील. आयुष्यात कुणी आपल्याला असं निवडलं ही गोष्ट बेलगासम कधी विसरला नाही. त्या माणसासाठी एक पिल्लू आणायचं म्हणजे काय मोठं!

शामा माजावर आली तशी तयारी सुरू झाली. विहिरीपलीकडे तंबू टाकून राहणाऱ्या अम्मारचा नर, बर्क, आसपासच्या सगळ्या मुलखात नंबर एक. मबरूकाने शामाच्या पायांना मेंदी लावली. हाज दाऊंना जाड बुरनुसात, म्हणजे टोपी असलेल्या लोकरी झग्यात गुंडाळून, धरून धरून पिकअपमध्ये पुढे बसवलं. वंशाची सोयरीक, त्यांना घरी कसं ठेवणार? शामा मागे. निघता निघता मबरूका दारातून ओरडली, “अरे माणसा, ती मागे चढली बघ!”

“कोण?”

“ती, माफ करा, कुत्री!”

नाव ऐकून मातकट कान पिकअपच्या कडेवरून वर आला. पण बेलगासमने तोवर गिअर टाकला होता, आणि एकदा टाकलेला गिअर काढणं त्याला उंटावरून उतरण्याइतकंच अवघड जातं.

अम्मारने चहा टाकला. बर्कला सोडलं. आणि मग तो प्रसंग आला. सासरे आणि जावई एका चटईवर, आणि समोर हे. बेलगासमने घसा साफ करून पाठ फिरवली. पाहुण्यांनी पाठ फिरवल्यावर यजमानाने टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून अम्मारनेही फिरवली. हाजींना हातातल्या पेल्यापलीकडचं दिसत नाही, पण अब्रूचा प्रश्न म्हणून तेही वळून बसले. तिघेजण वाळूकडे बघत पाऊसपाण्यावर बोलत राहिले. त्या वर्षी पाऊस अजिबात नसल्यामुळे विषय लवकर संपला. मागे थोडी धावपळ झाली, कुणीतरी गुरगुरलं, मग सगळं शांत.

पेले रिकामे करून वळले तेव्हा बर्क जीभ काढून तृप्त बसलेला. शामा त्याच्यापासून दोन हातांवर मान ताठ करून उभी, नव्या नवरीसारखी गंभीर. ती दुसरी पिकअपच्या सावलीत स्वतःला चाटत पडलेली.

“झालं!” अम्मार म्हणाला. “लखलाभ!”

“दिसलं का तुला?” हाजींनी विचारलं.

“बघायचं काय त्यात? बर्क आहे तो!”

त्या दिवसापासून बेलगासम बदलला. मुलींच्या वेळी आपण पाठ करून बसलो ते बसलो. या खेपेला पहिल्या दिवसापासून शेवटच्या घटकेपर्यंत जातीने लक्ष घालायचं, असं त्याने ठरवलं. गावातल्या जाणत्या माणसांकडून त्याने गरोदर सलूगीची सगळी लक्षणं विचारून घेतली, आणि मग चष्मा पुसून तो ती शोधायला लागला. लक्षणं शोधणाऱ्याला सापडतातच.

पहिलं लक्षण, अन्नावरची वासना उडणे. सकाळी त्याने सातूच्या पिठात खजूर, अंडं आणि बकरीचं दूध कालवून शामापुढे ठेवलं. शामाने वास घेतला आणि तोंड वळवलं. (तिला ते कधीच आवडत नसे.) बेलगासमला आकाश ठेंगणं झालं. “मबरूका! तिला मळमळतंय! देवाची कृपा!”

संध्याकाळी कचेरीतून येऊन बघतो तर भांडं लख्ख. दुसऱ्या दिवशी दुप्पट ठेवलं, तेही साफ. हे दुसरं लक्षण, भूक वाढणे. भांडं अंगणात कुंपणाच्या भोकाशी ठेवलेलं असायचं आणि शामा दिवसभर घरात गालिच्यावर पडलेली असायची, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं त्याला सुचलं नाही.

“माणसा,” मबरूका म्हणाली, “जरा बाहेर तिच्याकडे बघ. जाड होत चाललीय.”

“कोण?”

“ती, माफ करा, कुत्री.”

“आयतं खाते, होणारच. आत्ता मध्ये बोलू नकोस, मी शामाची आचळं बघतोय.”

आणि खरोखरच तो गालिच्यावर पालथा पडून, चष्मा कपाळाला लावून बघत होता. आचळं गुलाबी झाली होती! पोटही जरा सुटल्यासारखं दिसत होतं. जनावरांचा डॉक्टर लांबच्या शहरात. तो म्हणे यंत्र लावून पोटातलं दाखवतो. पण वेळेआधी परक्याने पोटात डोकावलं तर नजर लागायची, म्हणून बेलगासमने तो विचार झटकून टाकला. नजरेच्या बाबतीत तो फार जपून होता. असली बातमी गुप्त ठेवायची असते. म्हणून त्याने ती गावातल्या प्रत्येकाला कानात सांगितली.

तिजानीच्या कॅफेत तर रोज विचारणा व्हायला लागली. “काय बेलगासम, कितवा लागला?” “पाय सुजले का रे?” शामाला तो बरोबर न्यायचा, हवापालट म्हणून. एकदा कढईतून ब्रीक निघत होते. पातळ पारीत अंडं घालून तळलेला तो त्रिकोण शामाने एकटक बघितला. डोहाळे! आणि डोहाळे पुरवले नाहीत तर ज्या वस्तूसाठी जीव अडकला तिचा डाग पिल्लाच्या अंगावर उमटतो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हाजींच्या हातात त्रिकोणी डागाचं पिल्लू द्यायचं?

“तिजानी, एक ब्रीक दे. लवकर!”

“कुणाला?”

“वहिनीला समज.”

शामाने ब्रीक हुंगलं आणि टाकलं. ते बेलगासमने खाल्लं, कारण वाया घालवणं बरं नव्हे. मग रोज कशावर ना कशावर तिची नजर जायची, रोज ते घेतलं जायचं, आणि रोज तेच व्हायचं.

तिजानी चहा ओतता ओतता म्हणाला, “एक पिल्लू आपल्याला हवं बरं का. चहावर शब्द दे.” चहावर दिलेला शब्द तिकडे मोडत नाहीत. बेलगासमने दिला. मग न्हाव्याने अर्धी दाढी झालेली असताना मागितलं. अर्ध्या दाढीवर नाही कोण म्हणेल? मग कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावून स्वतः चहा मागवला. साहेबांनी बेलगासमसाठी चहा मागवण्याची ती पहिलीच वेळ. शामाच्या पोटात किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, पण गावात त्यांची घरं ठरून गेली होती.

दिवस भरत आले तसं शेवटचं लक्षण बघायचं राहिलं: विण्याआधी अंगातली उष्णता उतरते. बेलगासमने घरातला थर्मामीटर घेतला आणि जिथे लावायला सांगितला होता तिथे रोज लावू लागला. मबरूकाला हे कळलं तेव्हा ती किंचाळलीच, कारण आदल्या रात्री अंग मोडून आलं म्हणून तोच थर्मामीटर बेलगासमने स्वतःच्या जिभेखाली ठेवला होता.

“मी धुतला होता,” तो म्हणाला.

“आधी की नंतर?”

बेलगासम विचारात पडला. तो अजून नीट आठवून सांगू शकलेला नाही.

आणि मग शामा जागा शोधायला लागली. इकडे उकर, तिकडे उकर, आणि शेवटी पेटी उघडी राहिलेली बघून तिने बेलगासमचा लग्नातला पांढरा बुरनुस ओढून काढला आणि कोपऱ्यात त्याचं घरटं केलं. आचळांत दूधही उतरलं. इतक्या वर्षांत त्या बुरनुसाचा एवढा मान कुणी केला नव्हता.

रोज तो हाजींच्या खोलीत जाऊन बातमी सांगायचा. म्हातारा भिंतीकडेच तोंड करून असायचा, पण आताशा मध्येच विचारायचा, “पोट खाली उतरलं का?” आणि उत्तर ऐकून झाल्यावर दोन-चार चमचे सूप घ्यायचा. ते चमचे मबरूका मोजायची नाही, पण वाडगा धुताना गुणगुणायची. बेलगासम ते ऐकायचा आणि त्याला वाटायचं, देवा, आता एवढं एक पदरात पडू दे, बाकी मी काही मागत नाही.

त्याने रजा टाकली आणि बुरनुसाशेजारी ठाण मांडलं. काहीच होईना. शामा त्याच्याकडे बघायची, तो शामाकडे. अशात कचेरीतून निरोप आला की एक बाप मुलाची नोंद करायला ताटकळत उभा आहे आणि शिक्क्याची किल्ली बेलगासमच्या खिशात आहे. आता जन्माची नोंद कशी अडवायची? “आलोच,” म्हणून तो गेला. मबरूका शेजारी तंदूरवर रोट्या लावायला गेली होती.

तो परत आला आणि दारातच खिळला. बुरनुसावर शामा आडवी झालेली आणि तिच्या पोटाला ओळीने पिल्लं लुचत होती. डोळे मिटलेली, ओलसर, मातकट, चुळबुळणारी. एक, दोन... बेलगासमच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मोजणी तिथेच राहिली. तिसऱ्या खेपेलाही तो नेमक्या वेळी घरी नव्हता! पण आता त्याचं काय? तो अंगण ओलांडून धावत सुटला. “बाबा! बाबा! झाली! देवाने दिलं, बाबा!”

हाज दाऊंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा समोरून दिसला. “माझी काठी कुठे आहे?” ते म्हणाले.

बेलगासम कॅफेत ओरडून आला, अम्मारला निरोप पाठवून आला, आणि मबरूकाला म्हणाला, “जरीर कर!” तीळ, मध आणि तूप घोटून केलेला हा गोड पदार्थ घरात बाळ झालं की छोट्या पेल्यांतून पाहुण्यांना देतात. सलूगीसाठी आजवर कुणी केलेला नव्हता.

मबरूकाने आधी पिल्लं बघितली. बराच वेळ बघितली. “माणसा, यांचे कान बघितलेस?”

“लहान आहेत अजून. पडतील हळूहळू.”

“आणि शेपट्या?”

“पोटात जागा नव्हती, गुंडाळून बसावं लागलं बिचाऱ्यांना.”

“सकाळपासून ती दिसली का तुला? ती बाहेरची?”

“मबरूका, आजच्या दिवशी तरी भलत्यांचा विषय नको!”

मबरूकाने अंगणातून येणाऱ्या काठीचा आवाज ऐकला, आणि मुकाट्याने तीळ भाजायला घेतले. वडील स्वतःच्या पायांनी चालत येत होते. त्यापुढे कान उभे की आडवे याची तिला पर्वा राहिली नव्हती.

खोलीत गर्दी झाली. तिजानी, न्हावी, मोठे साहेब, अम्मार, सगळ्यांच्या हातात जरीरचे पेले. हाजी बुरनुसाशेजारी टेकले. दिसत नसलं तरी त्यांच्या बोटांना सलूगी पाठ होता. त्यांनी पहिलं पिल्लू उचललं. बोटं कानावरून गेली. थांबली. शेपटीवर गेली. पुन्हा थांबली. मग पंजा.

बेलगासमला नेमकं काय चुकलंय ते कळेना, पण हाजींचा हात असा कधी थांबलेला त्याने पाहिला नव्हता. तो चाचरत म्हणाला, “बाबा, माझ्याकडून काही कमी पडलं असेल तर... माफ करा.”

दार ढकललं गेलं. एक कान उभा आणि एक आडवा अशी ती, नाव घेऊन बोलावल्यासारखी, शेपटी हलवत आत आली. साहेबांच्या पायांमधून वाट काढत ती थेट बुरनुसाकडे गेली आणि शामाला पाठ लावून पसरली. निम्मी पिल्लं शामाला सोडून धडपडत तिच्याकडे वळली. खोलीतल्या प्रत्येकाने तिचे कान बघितले, मग पिल्लांचे कान बघितले, आणि मग बेलगासमकडे बघितलं.

“कुंपणापाशी खजुराच्या झावळ्यांखाली व्याली असणार,” मबरूका हळूच म्हणाली. “शामाला दूध आलेलं. शामानेच एकेक उचलून आत आणलीत. मी सांगत होते ना, माणसा, तिच्याकडे बघ म्हणून?”

“म्हणजे शामाला काही...?”

“काही नव्हतं. मनाने घेतलं तिच्या. कुणी रोज सकाळ-संध्याकाळ पोटाकडे टक लावून बसलं तर माझ्याही घेतलं असतं!”

हसण्याचा असा स्फोट झाला की तिजानीचा जरीर नाकात गेला. बेलगासम मात्र हसला नाही. त्याला गाव दिसत नव्हतं, कॅफे दिसत नव्हता. फक्त म्हाताऱ्याच्या मांडीवरचं ते पिल्लू दिसत होतं. तो खाली बसला. “बाबा, तुम्हाला शब्द दिला होता मी. तुम्ही उठून आलात, आणि मी तुमच्या हातात हे ठेवलं. मला लाज वाटते.”

हाजी अम्मारच्या आवाजाच्या दिशेने वळले. “त्या दिवशी तुझ्याकडे पिकअपमधून किती उतरल्या होत्या?”

अम्मारने डोकं खाजवलं. “शामा... आणि एक, माफ करा...”

बुरनुसावर शेपटी दोनदा आपटली.

“आणि बर्कला कुणी बघितलं?”

अम्मारने पेल्यातला जरीर ढवळायला घेतला.

“तीन मर्द चहा पीत वाळूकडे तोंड करून बसले,” हाजी म्हणाले, “आणि हिने डाव साधला!” आणि म्हातारा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग दाढी, मग डोळ्यांतून पाणी. बेलगासमने ते हसणं ओळखलं. वाळूने भरलेल्या बुटांनी तो मागणी घालायला आला होता, त्या दिवशीचंच ते हसणं होतं.

“आता ऐका,” हाजी डोळे पुसत म्हणाले. “बाप बर्क. त्यात शंका आहे?”

“नाही,” अम्मार म्हणाला. दुसरं म्हणण्याची त्याची तयारी नव्हती.

“आणि दूध शामाचं. आपल्यात दुसरीचं दूध प्यायलेलं मूल तिचं होतं की नाही? त्या घराशी त्याचं नातं जन्मभर लागतं की नाही? मग ही शामाची, आणि शामा माझ्या घरातली. वंश चालू आहे. पहिलं पिल्लू माझं, तेवढं मला द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” त्यांनी पिल्लू बुरनुसाच्या टोकात गुंडाळून छातीशी धरलं. “मबरूका, सूप आहे का गं? वाडगा भर.”

मबरूका वळली ती चुलीकडे जाईपर्यंत रडली, आणि बेलगासम तिच्या मागे गेला तेव्हा तिने वर्षानुवर्षांत पहिल्यांदा पत्त्यांचं नाव न काढता त्याचा हात धरला. त्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, शामाचे मानले, आणि थोडा विचार करून कुंपणाच्या भोकाचेही मानले.

इकडे तिजानी दाराकडे सरकत होता. “बेलगासम, माझ्या पिल्लाची काही घाई नाही बरं का. नसलं तरी...”

“चहावरचा शब्द आहे, तिजानी,” हाजी वळून न बघता म्हणाले. “शब्द दोन्हीकडून असतो.”

पिल्लं ठरल्या घरी गेली. साहेबांच्या घरचं तर गालिच्यावरच झोपतं म्हणतात. आणि ती मातकट आता भिंतीच्या आत असते. तिला चांगलंसं नाव द्यायचा मबरूकाने प्रयत्न केला, पण ती कुठल्याच नव्या हाकेला वळेना. त्यामुळे त्या घरात आता सकाळ-संध्याकाळ मोठ्याने माफी मागितली जाते आणि पाहुण्यांना वाटतं, काय सुसंस्कृत माणसं आहेत.

खजूर उतरवून झाल्यावर एक दिवस हाजींनी आपलं पिल्लू पहिल्या शिकारीला काढलं. तोवर ते चांगलं उंच झालं होतं; छाती बर्कची, पाय बर्कचे, कान मात्र एक उभा आणि एक आडवा. हाजी बेलगासमच्या दंडाला धरून टेकाडावर चढले. म्हाताऱ्याच्या हाताचा तो भार दंडावर असताना बेलगासमला वाटलं की आपल्याला जे मिळालं ते आपल्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त आहे. शामा बरोबर होती, अम्मारही आला होता.

झुडपातून ससा उठला. शामा बाणासारखी सुटली.

“पिल्लू?” हाजींनी अधीरपणे विचारलं. “सुटलं का? कुठवर गेलं?”

बेलगासमने बघितलं. पिल्लाने उठलेल्या सशाकडे एकदा नीट बघितलं होतं. मग ते सावकाश वळलं, पाठ करून खाली बसलं, आणि वाळूच्या टेकाडांकडे तोंड करून, मागची धावपळ संपेपर्यंत अदबीने वाट बघत राहिलं.

खोटं बोलता येत नसल्यामुळे बेलगासमने जे दिसलं ते सांगितलं.

हाज दाऊंनी त्याच्या दंडावर थोपटलं. “असू दे,” ते म्हणाले. “रक्त बर्कचं आहे, दूध शामाचं आहे. पण पोर गेलंय ते अगदी माझ्या जावयावर.”